गोदना फार ओरडतो

लहानपणी मामी आमच्या दारात दिसली की मी पाय लपवायची. पलंगावर असले तर पांघरुणात, जमिनीवर असले तर मांडी घालून फ्रॉकखाली. मामीला फरक पडत नसे. ती पांघरूण बाजूला करायची, वाकायची, माझ्या पायांना हात लावायची आणि तो हात कपाळाला न्यायची. "पाँव परत हँव भांची." मी पहिलीत होते. ती माझ्या आईपेक्षा मोठी.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. छत्तीसगढात बहिणीची मुलं देवाच्या जागी. मुलगा भांचा, मुलगी भांची. मामा-मामी त्यांच्या पाया पडतात, ती मुलं मामा-मामीच्या नाही. आम्ही विदर्भातले, आमच्याकडे हे उलटं. बाबा रेल्वेत, बदली होऊन रायपुरात आले आणि ब्राह्मणपाऱ्यात दोन खोल्या घेऊन राहिले. आईला सख्खा भाऊ नव्हता. इथल्या पहिल्या भाऊबीजेला ती निरांजन लावलेलं ताट घेऊन उगाच ओसरीत बसली होती. समोर पिठाची चक्की होती. चक्कीवाल्यानं पाहिलं, अंगावरचं पीठ झटकलं आणि येऊन पाटावर बसला. आईनं ओवाळलं. झालं. त्या दिवसापासून तो मामा, त्याची बायको मामी. आईनं एका माणसाला ओवाळलं आणि मी देव झाले, मला न विचारता.

मोठी झाल्यावर मी एका छोट्या संघटनेत शिरले. आम्ही पत्रकं काढायचो, चौकात वाटायचो, दवाखान्यांच्या दारात वाटायचो. मी लिहिलेलं पहिलं पत्रक होतं "पाया पडणं बंद करा". माणसानं माणसापुढे वाकू नये, वगैरे. आवेशात लिहिलं होतं, आजही त्यातलं एक वाक्य मागे घेणार नाही. मामीला वाचता येत नव्हतं म्हणून मीच तिला ते चक्कीवर बसून वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं. "हव, हव, सही लिखे हस," म्हणाली. मग उठली, पदर सावरला आणि जाताना माझ्या पाया पडली.

आई आतून हसत होती. "आता काय करून राहिली? काढ अजून एक पत्रक."

मामा गेला त्यानंतर मामीनं चक्की स्वतः चालवली. अनवाणी. चक्कीच्या जमिनीवर पीठ सांडलेलं असतं, चपलेनं तुडवायचं नाही हा तिचा नियम. त्यामुळे बाहेर जाताना घालायला जी चप्पल होती ती सदा नवीच असायची. अभनपुरला माहेरी गेली तेव्हा बाजारातून अशीच एक आणली आणि ती चावली. करंगळीजवळ फोड आला. शुगर होतीच. फोडाची जखम झाली, जखम भरेना, आणि एका सकाळी पाहिलं तर शेवटची दोन बोटं, करंगळी आणि शेजारचं, जांभळी. मग काळपट.

तिचा मुलगा बिलासपूरला. फोनवर म्हणाला, "दीदी, डॉक्टर जो बोले वो कर दो." त्याला दोष देत नाही, तिकडे त्याचं बाळ आजारी होतं. मी आणि आई तिला समता कॉलोनीतल्या दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टर वाईट नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण डॉक्टरांवर मी पत्रकं काढलेली आहेत. त्यांनी मोठ्या नसांची तपासणी केली, घोट्यापर्यंत रक्त येतंय म्हणाले. पुढे पावलात, कातडीतल्या बारीक बारीक नसांत ते पोचतं का, हे त्यांच्या यंत्राला दिसत नव्हतं. "नुसती बोटं कापली आणि खाली रक्तच नसलं तर ती जखमही सडेल. परत कापा, परत सडेल. त्यापेक्षा घोट्याच्या वरून एकदाच. भरायची खात्री तरी आहे." सोमवारी या म्हणाले.

मी भांडायला तोंड उघडणार होते. मामीनं त्याआधी एकच विचारलं.

"गोदना घलो जाही का?"

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं, गोदनाही जाईल का, असं. आपण गोंदण म्हणतो, ते इथे गोदना. मामीच्या दोन्ही पावलांवर, घोट्यापासून बोटांपर्यंत, गोदना आहे. लग्नाआधी माहेरी गोदना करणाऱ्या बाईनं सुयांनी, काजळीनं काढलेला. ठिपके, वेल, साखळ्या, विंचू. मेल्यावर चांदी-सोनं घरची माणसं उतरवून घेतात. गोदना कोणी उतरवत नाही, तेवढाच बाईबरोबर जातो. मी हे मानत नाही. पण ती काय विचारत होती ते मला समजत होतं. पाय गेला तर चालता येणार नाही हे तिनं स्वीकारलं होतं. पाय आधी जाणार, ती मागून जाणार, आणि तिथे पोचल्यावर एका पायावर काही नसणार, हे तिला स्वीकारता येत नव्हतं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला एक संशोधक मुलगी आठवली.

काही महिन्यांपूर्वी एका सभागृहात तिचं भाषण झालं होतं. नव्या राजधानीच्या बाजूला एक संस्था उभी राहिली आहे, रुंद रस्त्यांच्या आणि रिकाम्या चौकांच्या पलीकडे, तिथली. वयानं माझ्याएवढीच. तिच्याकडे एक यंत्र होतं, कातडीतल्या केसासारख्या नसांची चित्रं काढणारं. सुई नाही, औषध नाही. फक्त प्रकाश आणि आवाज. यंत्र कातडीवर प्रकाशाचे बारीक ठोके मारतं. रक्तातला लाल अंश तो प्रकाश पितो, कणभर तापतो, कणभर फुगतो, आणि फुगताना आवाज करतो. आपल्या कानाला न येणारा. यंत्राला येतो. कुठून किती आवाज आला त्यावरून नस कुठे आहे ते काढतात. ऐकताना मला मामीच्या चक्कीवरचं टिनाचं छप्पर आठवलं. ऊन पडलं की ते कट कट वाजायला लागतं, कोणी हात न लावता. रक्तही तसंच वाजतं म्हणायचं. मला आवडलं होतं ते, खरंच.

मग ती म्हणाली, तपासणीसाठी माणसं हवी आहेत, फक्त अंगावर टॅटू नको.

मी उभी राहिले. "टॅटू म्हणजे गोदना पण?"

"हां जी, गोदना भी."

"मग या जिल्ह्यात गोदना नसलेली साठीच्या पुढची बाई आधी दाखवा. यंत्र कोणासाठी आणलं आहे?"

तिनं काहीतरी उत्तर दिलं, गोंधळात मी ऐकलं नाही. घरी येऊन पत्रक लिहिलं. मथळा "कोऱ्या कातडीचं यंत्र". संस्थेच्या फाटकावर उभं राहून आम्ही ते वाटलं, तिच्याही हातात दिलं.

आणि आता तिच्याकडेच जायचं होतं. गेले. शनिवार होता, ती आपल्या खोलीत डबा खात होती. मला ओळखलं.

मी हिंदीत सुरू केलं, रागाच्या भरात मध्येच मराठी आली. तिनं पोळीचा घास खाली ठेवला.

"तुम्ही मराठी का? मग त्या दिवशी हिंदीत काहून भांडून राहिल्या होत्या?"

"तुम्ही कुठल्या?"

"वर्धेची. बसा. तुमचं पत्रक आहे माझ्याकडे. एक चूक आहे त्यात. यंत्र आवाज करतं असं लिहिलंय तुम्ही. यंत्र नाही करत. रक्त करतं."

"बरं. आणि बाकीचं?"

"बाकीचं बरोबर आहे," ती म्हणाली. भांडायला आलेल्या माणसाला असं उत्तर देऊ नये.

मग तिनं सांगितलं. गोदना म्हणजे काजळी, आणि काजळी सगळा प्रकाश पिऊन टाकते. "रक्त कुजबुजतं, ताई. गोदना फार ओरडतो. त्याच्या आवाजात खालचं रक्त ऐकूच येत नाही. सावळ्या कातडीचाही आवाज येतो, थोडा कमी. यंत्र ज्यांनी जुळवलं त्यांच्यासमोर गोदनाही नव्हता नि सावळी कातडीही नव्हती. मी वरती सांगून थकले. तोपर्यंत नियम हाच, गोदना असेल तर घ्यायचं नाही."

"सोमवारी तिचा पाय कापतात."

तिनं डबा बंद केला. मग विचारलं, "तळव्यावर आहे का गोदना?"

तळव्यावर कोण काढतं! तिथला रंगही फिका. टाच जाड, तिथून काही यायचं नाही, ती म्हणाली, पण बोटांच्या मुळाशी आणि तळव्याच्या मधल्या पोकळीत कातडी बरी असते. तिनं तिथल्या तिथे आपल्या वरिष्ठांना फोन लावला. त्यांनी दिलेली परवानगी अर्धवट होती, अभ्यासात धरू नका, पाहायचं तर पाहा. "उद्या घेऊन या," ती म्हणाली.

रविवारी मी, आई आणि मामी ऑटोनं निघालो. मामीनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, पिशवीत केळी घेतली होती, जणू कोणाच्या घरी पाहुणी चालली आहे. रस्ते बघून म्हणाली, एवढ्या रुंद रस्त्यावर माणसं कधी राहायला येणार.

यंत्राची खोली थंड आणि अंधारी. टेबलावर लेसरची पेटी, तिच्यातून निघालेली नळी, नळीच्या टोकाला हातात मावेल असा ठोकळा. तो कातडीवर ठेवून हळूहळू सरकवायचा. मध्ये पाणी लागतं, म्हणून बाजूला शुद्ध पाण्याची बाटली आणि पसरट तसराळं. सगळ्यांना रंगीत काचांचे चष्मे. मामी तो चष्मा लावून आईकडे बघायला लागली आणि दोघींना हसू आवरेना. आई म्हणाली, "सिनेमातली दिसून राहिली."

मग संशोधक मुलीनं खुर्ची ओढली, मामीसमोर बसली, मांडीवर टॉवेल घेतला आणि म्हणाली, "अम्मा, पैर इधर दीजिए."

मामी संकोचली. अनोळखी मुलीच्या मांडीवर तळवा तिच्या तोंडाकडे करून पाय ठेवायचा. तिला धीर यावा म्हणून मी बोलले. आजवर हजार पत्रकं लिहिली, इतका परिणाम कुठल्या वाक्याचा झाला नाही.

"ठेव मामी. परकी नाही ती. आपल्याकडचीच आहे, वर्धेची. माझी बहीणच समज."

मामीनं पाय झटकन मागे घेतला. जखमी पाय. कळ आली असणार, दिसलंही तोंडावर. "एहा तोर बहिनी आय?"

"हो ना."

"त भांची होइस मोर." आणि दोन्ही पाय खुर्चीखाली. "मोला पाप झन लगा."

भांचीला मामीचा पाय चुकून लागला तरी पाप. इथे तर तळवा तिच्या मांडीवर ठेवायचा होता! मी दुरुस्ती करायला गेले. बहीण म्हणजे तशी नाही, बोलायची पद्धत. मामीनं ऐकून घेतलं नाही. माझ्या आईलाही तिच्या नवऱ्यानं बोलायच्या पद्धतीनंच बहीण म्हटलं होतं, आणि ते तिनं जन्मभर निभावलं होतं. मग मी चिडले. म्हटलं, पाय जातोय तुझा उद्या, काय पाप नि पुण्य लावलंय! पत्रकातली सगळी वाक्यं तोंडी म्हणून दाखवली. मामी मान खाली घालून रडायला लागली. आई मला म्हणाली, "तू बाहेर जा बरं."

मी गेले नाही. दुसऱ्या कोणाला करता येईल का, असं विचारलं. नाही, ठोकळा चालवायला अजून तिथे दुसरं कोणी शिकलेलंच नव्हतं.

संशोधक मुलीनं चष्मा डोक्यावर सरकवला. "मामी," ती म्हणाली. अम्मा नाही, मामी. तिनं नातं मान्यच करून टाकलं. "भांचीला पाय लागला तर मग तुमच्यात काय करतात?"

मामीनं डोळे पुसले. "गोड़ धोथन. पाँव परथन. कुछू देथन." पाय धुतो, पाया पडतो, काहीतरी देतो.

"मग ते आधी करून घ्या की. नंतर पाय लागला तर आधीच फिटलेलं असेल."

मामी विचारात पडली. खरोखर विचारात, कायद्याचं कलम तपासल्यासारखी. आईकडे पाहिलं. आईला यातलं काय ठाऊक असणार, पण ती ठामपणे म्हणाली, "चालते, चालते."

मुलीनं बूट काढले, मोजे काढले आणि तसराळ्यात पाय ठेवून बसली. मोज्यांच्या रेघा उमटलेले, थंडीनं पांढरे पडलेले पाय. मामीला खाली बसवताना आईनं एका बाजूनं धरलं, मी एका बाजूनं. मामीनं यंत्रासाठी ठेवलेल्या शुद्ध पाण्यानं तिचे पाय धुतले, बोटांच्या मधून सुद्धा, आपल्या पदरानं पुसले, कपाळ टेकवलं, आणि पिशवीतली केळी तिच्या ओटीत ठेवली. "पाँव परत हँव भांची." मुलगी खुर्चीवर ताठ बसली होती. मी याच गोष्टीविरुद्ध पत्रक काढलं आहे आणि मी तिथे उभी होते आणि मला एकाही शब्दानं मध्ये पडावंसं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाच डोक्यात आली आणि अजून जात नाही. एवढा जुना रिवाज, पण त्यात चूक धुवून काढायची सोय होती. गोदना असेल तर घ्यायचं नाही, या नव्या नियमात ती कोणी ठेवली नव्हती.

मामी वर बसली. पाय आपण होऊन पुढे केला.

खोलीत दिवा मालवला. ठोकळा तळव्यावर हळूहळू सरकू लागला. मामीला काही दुखलं नाही, कोमट लागतंय म्हणाली. तिनं हळूच विचारलं, "मोर गोदना नरियाथे का?" माझा गोदना ओरडतोय का?

"नाही मामी, आज तो वरच्या बाजूला आहे. गप आहे."

पडद्यावर आधी नुसता कोंडा दिसला, मळकट ठिपके. तिनं पाणी वाढवलं, कोन बदलला. मग एक रेघ आली. रेघेला फांदी फुटली, तिला आणखी बारीक. मुलगी दोन रंगांचे प्रकाश आळीपाळीनं वापरत होती, त्यावरून रक्त ताजं की शिळं ते कळतं. ताजं लाल, शिळं निळं. पोकळीत लाल जाळं होतं. अंगठ्याखाली लाल, विरळ, पण लाल. ठोकळा करंगळीकडे गेला तसं निळं झालं, आणि करंगळीत आणि शेजारच्या बोटात काहीच नाही. मुलगी तिथे परत परत ठोकळा ठेवत होती. पडदा काळाच राहिला.

"ही दोन बोलत नाहीत," ती म्हणाली. "पण खालचं सगळं बोलतंय."

"मग लिहून द्या," मी म्हटलं.

"ते नाही देता येत. ही मान्य तपासणी नाही. एका पायावरून मी डॉक्टरला सांगू शकत नाही की कापू नका. माझं चुकलं तर जीव त्यांचा जाईल."

"मग हे सगळं कशासाठी केलं?" माझा आवाज वाढला. तिनं केळी आपल्या पिशवीत ठेवली, मोजे घातले. मला वाटलं, संपलं.

सोमवारी समता कॉलोनीतल्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा संशोधक मुलगी बाकावर बसलेली होती. मांडीवर लॅपटॉप. सुटी टाकून आली होती. डॉक्टरांनी चित्रं पाहिली. आधी उभ्यानं, मग खुर्ची ओढून. तिनं एकही मोठा दावा केला नाही. काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढंच सांगितलं. टाचेचं दिसलेलं नाही, हेही न विचारता सांगितलं. माझ्यासारखीनं ते गाळलं असतं.

मग डॉक्टर मामीकडे वळून हिंदीत म्हणाले, आज फक्त दोन बोटं काढतो. जखम भरू लागली तर पाय राहील. सडू लागली तर मग वरून कापावंच लागेल, तेव्हा नाही म्हणायचं नाही. मंजूर?

"हव," मामी म्हणाली.

पुढचे आठवडे कसे गेले ते लिहीत नाही. रोज पट्टी सुटायची आणि आम्ही सगळ्या आधी वास घ्यायचो. शेवटी एके दिवशी ड्रेसिंग करणारी सिस्टर स्वतःशीच हसली, तेव्हा कळलं.

मामी आता थोडी तिरपी चालते. करंगळीपर्यंत गेलेला साखळीचा शेवट बोटाबरोबर गेला, बाकी वेल आणि विंचू जागेवर आहेत. चक्कीवर ती आता जाड तळाची चप्पल घालते, फक्त चक्कीसाठी वेगळी ठेवलेली. संस्थेत गोदन्याचा नियम अजून तसाच आहे. "कोऱ्या कातडीचं यंत्र" आम्ही पुन्हा छापलं, चूक दुरुस्त करून. रक्त आवाज करतं, असं. संशोधक मुलगी त्यातला एक गठ्ठा घेऊन गेली, वरच्यांच्या टेबलावर ठेवते म्हणाली.

ती सणावारी आमच्याकडे येते. समोरून मामी येताना दिसली की गडबडते, पण पाय लपवत नाही. मीही आता लपवत नाही. पाया पडण्याबद्दलचं माझं मत तेच आहे, विचाराल तर तासभर सांगेन. फक्त दोन बोटं नसल्यामुळे वाकताना मामीचा तोल जातो. म्हणून ती ओसरीशी आली की आम्ही दोघी पायरीवर चढून उभ्या राहतो. तिला कमी वाकावं लागतं.